मोठे टायर टाकले आणि स्टीअरिंग थडथडतंय? आधी थरथर कुठली ते ओळखा

पावसाळा संपत आला की इंदूरच्या फोर बाय फोरवाल्यांमध्ये एक तक्रार हमखास सुरू होते. कुणी जिप्सीला २३५/७५ आर १५ चढवलेले असतात, कुणी जिम्नीला दोन इंच लिफ्ट करून, म्हणजे उंच करून, चिखलासाठीचे मड टेरेन टायर टाकलेले असतात, चोरल, जानापाव, जाम गेटकडचे कच्चे रस्ते फिरून झालेले असतात, आणि आता बायपासवर काटा ७०च्या वर गेला की स्टीअरिंग हातात थडथडायला लागतं. दुकानात नेली की लगेच सल्ला मिळतो, हेवी डॅम्पर, म्हणजे स्टीअरिंगचे झटके शोषणारा शॉकअपसारखा दांडा, टाकून घ्या, सगळं बंद होईल. आणि बंद होतंही, काही महिने. पण गाडी दुरुस्त झालेली नसते, दोष फक्त झाकला जातो आणि पुढच्या ॲक्सलमधली ढिलाई आतल्या आत वाढत राहते. मला हे खरंच धोक्याचं वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

मुळात मोठा टायर सहसा नवीन दोष आणत नाही, गाडीत आधीपासून असलेला बारीक दोष तो मोठा करून दाखवतो. जिप्सीचा कंपनीचा टायर २०५/७० आर १५, त्याची उंची साधारण ६६८ मिलिमीटर. २३५/७५ आर १५ची उंची ७३३. म्हणजे जवळजवळ दहा टक्के जास्त. पहिला परिणाम असा की स्पीडोमीटर कमी दाखवतो, काट्यावर ७० असतो तेव्हा तुम्ही खरं तर ७७च्या आसपास असता, त्यामुळे "पूर्वी ७०ला काही होत नव्हतं" ही तुलनाच चुकते. दुसरा परिणाम जास्त महत्त्वाचा. टायरचं बरंचसं वजन बाहेरच्या कडेला, ट्रेडमध्ये (रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या थरात) असतं, आणि फिरणाऱ्या वस्तूचं वजन जितकं बाहेर तितकं तिला हलवणं आणि हलायला लागली की थांबवणं अवघड. समजा नवीन टायर जुन्यापेक्षा दीडपट जड आणि दहा टक्के उंच आहे, तर वजन दीडपट आणि उंचीचा वर्ग १.२१ पट, गुणाकार केला तर फिरत्या टायरचं जडत्व १.८ पट होतं. टाय रॉडचे (पुढची दोन्ही चाकं एकत्र वळवणाऱ्या दांड्याचे) एंड, किंग पिनचे (ज्या खिळीवर चाक डावी-उजवीकडे वळतं तिचे) बेअरिंग, जोडांमधले रबरी बुश हे सगळे मात्र तेच जुने, लहान टायरच्या हिशोबाने बनवलेले. जी अर्ध्या मिलिमीटरची ढिलाई लहान टायरखाली कधी जाणवली नाही ती आता स्टीअरिंगपर्यंत येते.

आता थरथर म्हणजे सगळी एकच नाही, आणि इथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात. ठराविक स्पीडला सुरू होणारी, म्हणजे ७५ला येते, ९०च्या पुढे कमी होते, सपाट रस्त्यावरही येते, ती बहुतेक करून चाकाची थरथर असते. बॅलन्स, रिम, टायरचा गोलपणा यातलं काहीतरी. दुसरी असते ती खड्ड्यावरून किंवा पुलाच्या जोडावरून गेल्यावर एकदम सुरू होते, स्टीअरिंग डावी-उजवीकडे जोरात फेकलं जातं, अख्खी गाडी हलते आणि स्पीड बरीच कमी केल्याशिवाय थांबतच नाही. हिलाच डेथ व्हॉबल म्हणतात. नाव भीतीदायक आहे आणि ज्याने अनुभवलंय त्याला ते अजिबात वाढवून सांगितल्यासारखं वाटत नाही. तिसरी फक्त ब्रेक दाबल्यावर येणारी, तिथे टायरच्या मागे न लागता आधी पुढच्या डिस्क बघाव्यात. आणि गाडी थरथरत नाही पण सरळ रेषेत राहत नाही, सारखी सावरावी लागते, ही वेगळीच तक्रार आहे, पण तिचं मूळ बऱ्याचदा डेथ व्हॉबलच्याच घरात सापडतं, त्यामुळे तिला किरकोळ समजू नका. अजून एक, थरथर स्टीअरिंगपेक्षा सीटखाली जास्त जाणवत असेल तर मागची चाकं आधी तपासा.

पहिल्या प्रकारात मेकॅनिककडे जायच्या आधी पाण्याचा पाइप घ्या. आपल्या माळव्याची काळी माती रिमच्या आतल्या बाजूला बसते आणि वाळली की दगडासारखी होते, बाहेरून गाडी चकचकीत दिसते आणि आत गोळे चिकटलेले असतात. किती फरक पडतो ते बघा. रिमच्या कडेजवळ १०० ग्रॅमचा एक गोळा धरला, टायर ७३३ मिलिमीटरचा आणि गाडी खऱ्या ८०च्या स्पीडला, तर तो गोळा चाकाला साधारण ७ किलोच्या जोराने बाहेर ओढतो, आणि ही ओढ सेकंदाला साडेनऊ वेळा दिशा बदलत फिरते. ४०च्या स्पीडला हाच जोर चौथा हिस्सा, पावणेदोन किलो. म्हणून गावात काही कळत नाही आणि बायपासवर कळतं. चारही रिम आतून, गाडीखाली झोपून, नीट धुवा, आणि मगच पुढचं बोला.

धुऊनही राहिली तर बॅलन्सिंग, पण ते करून घेताना तिथे उभं राहा. चाक मशीनवर मधोमध बसलंय का हे महत्त्वाचं, चाक धरणारा मशीनचा शंकू वाकडा बसला तर मशीन शून्य दाखवेल आणि गाडीवर चाक थरथरेलच. बॅलन्स झालं असं म्हटल्यावर चाक ढिलं करून अर्धा फेरा फिरवून परत मशीनवर लावायला सांगा, पुन्हा शून्याजवळ आलं तर खरं. एका चाकाला खूप जास्त शिसं लागत असेल तर वजनं वाढवत बसू नका, टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून परत बसवला की बऱ्याचदा निम्म्याने काम होतं. नव्या टायरवर पिवळा ठिपका असेल तर ती टायरची हलकी बाजू, ती व्हॉल्व्हजवळ यायला हवी. लाल ठिपका असेल तर तो टायरच्या उंच भागाचा, आणि तो रिमवर सखल भागाची खूण असेल तर तिच्यासमोर बसवतात. दुकानदार हे करतातच असं नाही.

आणि साधं मशीन फक्त वजन बघतं, गोलपणा बघत नाही. पुढचं चाक जॅकवर उचला, जमिनीवर एखादी वीट ठेवून त्यावर स्क्रूड्रायव्हर ट्रेडच्या अगदी जवळ धरा आणि चाक हाताने फिरवा. फट एकसारखी राहते का कमी-जास्त होते ते डोळ्यांनीच दिसतं. दोन-तीन मिलिमीटरचा फरक दिसला तर तो टायर किंवा ती रिम गोल नाही, तिथे कितीही शिसं लावलं तरी उपयोग नाही. हेच रिमच्या बाजूने धरून केलं की रिम वाकलीय का तेही कळतं, दगडात घातलेल्या गाडीची रिम वाकणं काही मोठी गोष्ट नाही.

बाजारातल्या अलॉय रिमचं एक वेगळं दुखणं आहे. मधलं भोक हबपेक्षा मोठं असलं तर रिम हबवर न बसता फक्त नटांवर मध्यात येते, आणि नटाचा आकार रिमच्या बैठकीशी जुळला नाही, एक निमुळता आणि दुसरा गोल असं झालं, किंवा चाक जमिनीवर टेकलेलं असताना एकाच बाजूने गन मारून आवळलं, तर चाक जराशा वाकड्या मध्यावर फिरत राहतं. चाक हवेत, नट समोरासमोरचे आळीपाळीने, शेवटचा जोर टॉर्क पान्याने. यात खर्च काहीच नाही.

जुने टायर-रिम विकले नसतील तर सगळ्यात उत्तम तपासणी तीच. पुढे जुनी चाकं लावा आणि त्याच रस्त्यावर जा. थरथर गेली तर दोष चाकात असण्याची शक्यता मोठी, आणि खड्ड्यावर अजूनही स्टीअरिंग जरा नाचत असेल तर दोष ॲक्सलमध्ये आहे हे पक्कं. म्हणून माझा आग्रह असतो की नवीन टायर टाकल्यावर जुने लगेच विकू नका.

आता दुसरा प्रकार. हा समजायला जरा मागे जावं लागेल, कारण हा प्रश्न शंभर वर्षं जुना आहे. १९२०च्या दशकात अमेरिकेत जाड, कमी हवेचे बलून टायर आले, प्रवास मऊ झाला, पण त्या काळच्या बहुतेक सगळ्या गाड्यांचा पुढचा ॲक्सल अखंड दांड्याचा होता आणि पुढची चाकं भयंकर फडफडायला लागली. म्हणजे आपण आज जे करतो तेच, टायर मोठे केले आणि ॲक्सल तोच ठेवला. कॅडिलॅकमध्ये मॉरिस ओली नावाचे इंजिनिअर याच्या मागे लागले आणि १९३४ला जनरल मोटर्सने पुढची दोन्ही चाकं वेगवेगळी लटकवलेल्या गाड्या आणल्या, त्यामागचं एक मोठं कारण ही फडफड होती.

होतं असं की अखंड ॲक्सलवर एक चाक उंचवट्यावर चढलं की अख्खा ॲक्सल तिरपा होतो, म्हणजे फिरणारी दोन्ही चाकंही तिरपी होतात. जोरात फिरणाऱ्या चाकाला तिरपं केलं की ते स्वतःहून बाजूला वळायला बघतं, हा फिरत्या वस्तूचा गुणच आहे. चाकं वळली की टायर रस्त्यावर आडवे ढकलतात, ॲक्सल बाजूला सरकतो, स्प्रिंग त्याला परत ढकलते, ॲक्सल उलट्या बाजूला तिरपा होतो, चाकं उलटी वळतात, आणि हे चक्र गाडीच्या स्पीडमधून ताकद घेत चालूच राहतं. एक खड्डा ते सुरू करतो आणि मग त्याला खड्ड्याची गरज उरत नाही. सगळे जोड घट्ट असतील आणि चाकांचा कोन बरोबर असेल तर हे चक्र एक-दोन हेलकाव्यात मरतं. जोड ढिले असतील तर ते वाढतं. मोठा, जड टायर या सगळ्याला बळ देतो, आणि चक्र कमी स्पीडलाच सुरू होऊ शकतं.

म्हणून ढिलाई शोधायची. यासाठी दोन माणसं आणि अर्धा तास लागतो. गाडी सपाट जागी, चाकं जमिनीवरच, जॅक लावायचा नाही कारण वजनाखालीच खरी ढिलाई दिसते. एकाने आत बसून स्टीअरिंग थोडं डावीकडे थोडं उजवीकडे भराभर हलवत राहायचं, पॉवर स्टीअरिंग असेल तर ते चालू ठेवून, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगडाची उटी लावलेली. दुसऱ्याने खाली झोपून एकेक जोड हाताने पकडायचा. डोळ्यांना न दिसणारी टकटक बोटांना लगेच कळते. स्टीअरिंग बॉक्सपासून सुरू करा, बॉक्स चेसीवर हलतो का, मग ड्रॅग लिंकची (बॉक्सपासून चाकांकडे जाणाऱ्या दांड्याची) दोन्ही टोकं, टाय रॉडची दोन्ही टोकं. जुन्या महिंद्रा जीपमध्ये मधे बेल क्रँक (दांड्यांची दिशा बदलणारा वाकडा तुकडा) असते, तिची पिन आणि बुश झिजलेले असणं हे अगदी नेहमीचं.

जिम्नीसारख्या कॉइल स्प्रिंगच्या गाडीत सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो पॅनहार्ड रॉडला, म्हणजे ॲक्सलला डावी-उजवीकडे सरकू न देणारा जो तिरका दांडा असतो त्याला. स्टीअरिंग हलवताना हा दांडा आणि त्याचा ब्रॅकेट यांच्यात केसाइतकी हालचाल दिसली तरी दोषी सापडला समजा. बुश झिजलेलं असू शकतं, किंवा बोल्ट कधीतरी ढिला राहून ब्रॅकेटचं भोकच लांबट झालेलं असतं आणि मग नुसता बोल्ट आवळून काही होत नाही, भोक दुरुस्त करावं लागतं. हा बोल्ट आवळायचा तो गाडी चाकांवर उभी असताना, हवेत लटकत असताना आवळला तर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि लवकर फाटतं. लिफ्ट करताना नेमकी हीच चूक होते. जिप्सीला आणि जुन्या जीपला पुढे पाटे (लीफ स्प्रिंग) असतात, तिथे हा दांडा नसतो, पाटेच ॲक्सलला धरून ठेवतात, मग शॅकलचे (पाट्याच्या टोकाच्या झुलत्या कडीचे) बुश, पाटा ॲक्सलला बांधणारे यू बोल्ट आणि पाट्यांचा मधला बोल्ट बघा.

यानंतर पुढचं चाक जॅकवर घ्या, खाली पक्का स्टँड लावा, विटांवर भरवसा ठेवू नका. चाक वर-खाली हातांनी धरून हलवा. हललं तर आतल्या माणसाला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर व्हील बेअरिंग ढिलं आहे, कारण ब्रेकने हब आणि नकल (चाकासोबत वळणारा भाग) एक झाले. तरीही हलत असेल तर किंग पिनचे बेअरिंग. जिप्सी आणि जिम्नीमध्ये नकल वर-खाली अशा किंग पिनच्या बेअरिंगवर फिरतो, आणि ते बेअरिंग नुसते चांगले असून चालत नाही, शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालून थोडे दाबातच बसवावे लागतात. तो दाब गेला की चाक फार सहज वळतं, फडफडीला अडवणारा नैसर्गिक रोध जातो. इतक्या गाड्यांमध्ये दोष इथे असतो आणि इतक्या कमी लोकांना तिथे बघायचं सुचतं याचं वाईट वाटतं. दाब तपासायला टाय रॉड सोडवून नकलला स्प्रिंगचा वजनकाटा अडकवून ओढतात, आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो, आणि नवीन बेअरिंग टाकताना उस्तादाने काटा न लावता अंदाजाने शिम टाकल्या तर काम पुन्हा करून मागा, हक्काने मागा. स्टीअरिंग बॉक्सवरचा स्क्रू आवळून ढिलाई घालवणं हा मात्र उपाय नाही, जास्त आवळला की वळणानंतर स्टीअरिंग सरळ येत नाही आणि गिअर झिजतात.

आता कोनाचा भाग, लिफ्ट केलेल्या गाडीसाठी हा सगळ्यात महत्त्वाचा. सायकलचा पुढचा चिमटा वरून मागे झुकलेला असतो, त्यामुळे चाक आपोआप सरळ राहायला बघतं आणि हात सोडूनही चालवता येते. गाडीत किंग पिनची रेघ अशीच मागे झुकलेली असते, या झुकण्याला कॅस्टर म्हणतात. जिम्नीमध्ये ॲक्सल दोन लांब आर्मना धरलेला असतो, नुसत्या उंच स्प्रिंग टाकल्या की आर्म खाली झुकतात आणि त्यांच्यासोबत ॲक्सलच पुढे फिरतो, कॅस्टर काही अंश कमी होतो. मग स्टीअरिंग हलकं लागतं, लोकांना ते बरंही वाटतं, आणि बायपासवर गाडी भटकायला लागते. लिफ्ट किटसोबत कॅस्टर सुधारायचे बुश किंवा आर्मचे ब्रॅकेट येतात ते "नंतर बघू" म्हणून बाजूला ठेवायची गोष्ट नाही. पाट्यांच्या गाडीत पाटा आणि ॲक्सलच्या मधे लोखंडी पाचर घालून कोन परत आणतात. इथेही अति नको, ॲक्सल जास्त फिरवला तर पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो आणि फोर व्हील ड्राइव्ह लावल्यावर नवीनच थरथर येते.

अलाइनमेंटवाला म्हणेल या गाडीत कॅस्टर ॲडजस्ट होत नाही. खरं आहे, मूळ पार्टमध्ये नाही होत. पण मोजता तर येतो ना, मशीन दाखवतं, तुम्ही प्रिंट मागा. टो, म्हणजे पुढची चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते, मात्र तो ठीक करू शकतो, आणि तिथे मोठ्या टायरची एक गंमत लक्षात ठेवा, फितीने ट्रेडवर मोजत असतील तर तोच कोन मोठ्या टायरवर जास्त मिलिमीटर दाखवतो, त्यामुळे जुना मिलिमीटरचा आकडा तसाच वापरू नका, अंशात घ्या.

चाक फार बाहेर काढणाऱ्या रिमबद्दल थोडक्यात. गाडी रुंद दिसते, छान दिसते, पण टायर रस्त्याला जिथे टेकतो ती जागा किंग पिनच्या रेघेपासून लांब जाते आणि प्रत्येक खड्ड्याला स्टीअरिंग ओढायला लांब हात मिळतो. मूळ ऑफसेटच्या, म्हणजे कंपनीची रिम जितकी आत-बाहेर बसते त्याच्या, जितकं जवळ राहाल तितकं बरं.

हवेचंही बघा. जाड साइडवॉलचे टायर जास्त हवेत दगड होतात आणि प्रत्येक जोडाचा धक्का ॲक्सलला देतात. ट्रेडवर खडूने आडवी रेघ मारा, सरळ सपाट रस्त्यावर थोडी गाडी चालवा, रेघ फक्त मध्यातून पुसली गेली तर हवा जास्त आहे, कडांनी गेली तर कमी.

थार (जुनी डीआय सोडून), बोलेरो, स्कॉर्पिओ किंवा २०२१पासूनची गुरखा असेल तर पुढची चाकं वेगवेगळी लटकतात, तिथे वर सांगितलेलं तिरप्या ॲक्सलचं चक्र तसं बनत नाही. तिथे थरथर आली तर आधी बॅलन्स, मग बॉल जॉइंट, टाय रॉड एंड आणि आर्मचे बुश. जुन्या थार सीआरडीईमध्ये पुढे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारे दांडे) असतात आणि त्याचा बोल्ट आवळून फुकटात गाडी उंच करतात, त्याने बॉल जॉइंट कायम टोकाच्या कोनात राहतात आणि लवकर जातात.

गाडी चालवताना डेथ व्हॉबल आलाच तर स्टीअरिंगशी कुस्ती खेळू नका. पकड घट्ट पण अंगठे स्टीअरिंगच्या दांड्यांच्या बाहेर, ॲक्सिलरेटर सोडा, मागचं बघून सरळ रेषेत हलका ब्रेक, स्पीड उतरला की ते आपोआप मरतं. स्पीड वाढवून पार करू असा विचार अजिबात नको. आणि त्या दिवशी घाटात जायचं रद्द करा, सिमरोलच्या वळणावर हे व्हावं असं कुणालाच वाटणार नाही.

काम झाल्यावर तपासणी पहाटे करा, रस्ता रिकामा असताना, आधी सुपर कॉरिडोरसारख्या गुळगुळीत रस्त्यावर, म्हणजे चाकांचं कळेल, मग पुलाच्या जोडांवरून ४०, ५०, ६० असं पायरीपायरीने, म्हणजे ॲक्सलचं कळेल. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदला, टायर, डॅम्पर आणि अलाइनमेंट एकाच दिवशी केलं तर काय बरं झालं ते कधीच कळत नाही. जिम्नीत कंपनीचा डॅम्पर आधीपासून असतो, तो गळत असेल तर खुशाल बदला, पण सगळं घट्ट झाल्यावर. शंभर-दीडशे किलोमीटरनंतर चाकांचे नट, यू बोल्ट आणि पॅनहार्डचे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने बघा, आणि अलाइनमेंटचा प्रिंट ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवा, पुढच्या पावसाळ्यानंतर तुलना करायला तोच लागेल.